दंतचक्र पेटी, मोटारगाडीची : काढणे व बसविणे

एंजिनाच्या भुजादंडाची गती व परिबल (पीळ) गरजेनुसार बदलून चाकांकडे पाठविणाऱ्या यंत्रणेस दंतचक्र पेटी म्हणतात. कारागीर तिला गिअरबॉक्स म्हणतात. अंतर्ज्वलन एंजिन फार कमी वेगाने फिरू लागल्यास बंद पडते आणि त्याचे परिबलही ठराविक मर्यादेतच असते. त्यामुळे उभी गाडी हलविण्यासाठी किंवा चढ चढण्यासाठी एंजिनाचे फेरे घटवून परिबल वाढवावे लागते. उदा., पहिल्या गतीत गुणोत्तर ४ : १ असेल, तर एंजिनाच्या चार फेऱ्यांस पेटीतून बाहेर पडणारा दंड एक फेरा करतो आणि घर्षणातील व्यय वगळता परिबल चौपट होते. जुन्या, मागील चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत सर्वांत वरच्या गतीत हे गुणोत्तर बहुधा १ : १ असते.

पेटीतील झीज वा बिघाड दूर करण्यासाठी, तसेच पेटी व एंजिन यांच्यामध्ये असलेल्या क्लचची दुरुस्ती करण्यासाठी पेटी गाडीपासून अलग करावी लागते. हे काम सामान्यतः कर्मशाळेत होते. तथापि नीट तयारी असल्यास ते घरच्या अंगणातही करता येते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः हाताने गती बदलण्याच्या पेटीचा विचार केला आहे.

इतिहास : सरकत्या दंतचक्रांची पेटी फ्रान्समधील पानार व लव्हासॉर यांच्या गाडीत १८९१ च्या सुमारास आली. गती बदलताना दातांची टक्कर टाळणारी सिंक्रोमेश योजना अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत १९२८ मध्ये वापरात आली. चालकाच्या मदतीविना गती बदलणारी हायड्रामॅटिक ही पेटी १९३९ मध्ये जाहीर झाली. महाराष्ट्रात या विषयाचे शिक्षण अनेक पिढ्यांना दिले ते मुंबईतील कुर्ला येथे तयार होणाऱ्या गाडीने. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या (१९४४) प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने इटलीतील फियाट कंपनीच्या सहकार्याने ११०० मालिकेतील गाड्या बनविल्या. त्यांपैकी शेवटची १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. तिचे एंजिन पुढे (१,०८९ घ. सेंमी.), पेटी चार गतींची आणि चालना मागील चाकांना अशी रचना होती. बहुतेक पद्मिनी गाड्यांत गती बदलण्याचा दांडा सुकाणू चक्राखाली असे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईच्या रस्त्यांवर दीर्घकाळ वावरली. नोंदणीतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाद झाली. एंजिन, पेटी, प्रचालक दंड व मागचा आस एका रेषेत असल्यामुळे या रचनेची पेटी काढण्यास तुलनेने सोपी असते. म्हणून पुढील वर्णन प्राधान्याने याच रचनेचे आहे.

काढण्यापूर्वीचे निदान : पुष्कळदा पेटी विनाकारण काढली जाते. तेलाची पातळी उतरणे, क्लचच्या पायदाबाची मोकळी चाल बिघडणे, दांड्याचे सांधे सैल होणे किंवा पेटीखालील रबरी आधार फाटणे ही कारणे पेटी जागेवर ठेवूनच दूर करता येतात. एंजिन चालू व दांडा मध्यस्थितीत असताना येणारा घरघराट क्लच दाबताच थांबत असेल, तर दोष बहुधा पेटीच्या आदान दंडाच्या किंवा उपदंडाच्या धारव्यात असतो. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लच सोडविणारा धारवा झिजलेला असतो. एंजिनाचे फेरे वाढूनही गाडीचा वेग वाढत नसेल, तर क्लचच्या तबकडीचे अस्तर झिजले आहे किंवा त्यावर तेल आले आहे असे समजावे. पडलेली गती आपोआप सुटत असेल, तर प्रथम दांड्याचे सांधे व रबरी आधार आणि त्यानंतर पेटीतील झीज तपासावी.

जागा व सुरक्षितता : या कामातील खरा धोका पेटीत नसून वर उचललेल्या गाडीत असतो. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणत्याही परिस्थितीत शिरू नये. गाडी चार भक्कम लोखंडी घोड्यांवर, उत्पादकाने सांगितलेल्या आधारबिंदूंखाली टेकवितात. विटा, पोकळ सिमेंटचे ठोकळे किंवा नारळीचे ओंडके आधारास लावू नयेत. विटा व ठोकळे पूर्वसूचना न देता फुटतात, तर ओंडके घरंगळतात.

जमिनीचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील नंदाखाल व आसपासच्या किनारी गावांत घरापुढे ऐसपैस अंगण व वाडी असते. परंतु रेताड जमिनीत घोडीचे पाय रुततात आणि एकच पाय रुतला तरी गाडी कलते. अशा ठिकाणी फरसबंद जागा निवडावी. ती नसल्यास प्रत्येक घोडीखाली जाड, रुंद फळी किंवा पोलादी पत्रा सपाट बसवावा. पावसाळ्यात भिजलेल्या जमिनीवर हे काम करू नये. गाडी घोड्यांवर ठेवल्यावर ती बाजूंनी जोराने हलवून स्थिरता पाहावी आणि मगच खाली शिरावे. काम एकट्याने न करता हाकेच्या अंतरावर दुसरी व्यक्ती असावी. लहान गाडीच्या पेटीचे वजन सामान्यतः २५ ते ४० किग्रॅ. असते, छातीवर तोलून ती उतरविण्याची काही कारागिरांची रीत अनुकरणीय नाही.

खाऱ्या हवेमुळे किनारी भागातील गाड्यांचे तळाकडील बोल्ट गंजून घट्ट होतात. त्यांवर आदल्या दिवशी गंज सैल करणारे तेल सोडून ठेवल्यास बोल्ट तुटण्याचा संभव कमी होतो.

काढण्याची रीत : प्रथम विद्युत् घटमालेचे ऋण टोक सोडवितात. पेटीखाली भांडे ठेवून तेल पूर्णपणे काढून घेतात. तेलात पितळी कण आढळल्यास सिंक्रोमेश कड्यांची आणि पोलादी कपचे आढळल्यास दात किंवा धारवे यांची झीज सूचित होते. चुंबकी बुचावर साचलेला बारीक काळा चिखल मात्र नेहमीच्या झिजेचा असतो.

नंतर प्रचालक दंडाच्या जोडतबकड्यांवर खूण करून तो उतरवितात. खुणेप्रमाणे पुन्हा न जोडल्यास गाडी धावताना कंप येऊ शकतो. वेगमापकाची तार, मागे जाण्याच्या दिव्याची तार, दांड्याचे सांधे, क्लचची तार किंवा द्रवचालित सिलिंडर, निष्कास नळीचा आधार आणि आरंभक चलित्र (स्टार्टर) ही क्रमाने सुटी करतात. काढलेले बोल्ट ज्या त्या भागाच्या नावानिशी वेगळ्या डब्यांत ठेवावेत; पेटीच्या बोल्टांची लांबी एकसारखी नसते आणि चुकीच्या जागी लांब बोल्ट पिळल्यास कवच फुटते.

पेटीचा मागील आधार काढण्यापूर्वी एंजिनाच्या तेलपात्राखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने हलका आधार देतात. अन्यथा एंजिन मागे कलून पंख्यावर, नळ्यांवर व पुढील रबरी आधारांवर ताण येतो. दुसरा, शक्यतो चाकांचा, जॅक पेटीखाली लावून तीवर पट्टा आवळतात. मग मागील आडपट्टी व शेवटी एंजिनाला जोडणारे घंटाकार कवचाचे बोल्ट सोडवितात. पेटी सरळ रेषेत मागे ओढावी. आदान दंड क्लचच्या तबकडीतून पूर्ण बाहेर येईपर्यंत तिचा भार त्यावर लोंबू देऊ नये, कारण त्यामुळे तबकडीचे केंद्र वाकते. हा दोष गाडी पुन्हा जोडून चालविल्यावरच लक्षात येतो आणि सर्व श्रम वाया जातात.

मधली तपासणी : पेटी उतरविण्याचे श्रम वारंवार करावे लागू नयेत म्हणून या वेळी तबकडी, दाबपट्टी, क्लच सोडविणारा धारवा, प्रचक्राच्या मध्यातील लहान धारवा आणि भुजादंडाचे मागील तेलरोधक कडे यांची एकत्र तपासणी करतात, संशयास्पद भाग बदलणे हिताचे ठरते. जुन्या क्लच अस्तरांत ॲस्बेस्टस असण्याची शक्यता असते. त्याची धूळ फुंकून वा हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या चिंधीने पुसून ती चिंधी पिशवीत बंद करावी. क्लच सोडविणारा धारवा रॉकेल वा पेट्रोलमध्ये धुऊ नये, कारण त्यातील बंदिस्त ग्रीस निघून जाते.

नवी तबकडी बसविताना तिची प्रचक्राकडील बाजू ओळखून लावावी. तबकडीचे केंद्र प्रचक्राच्या केंद्राशी जुळावे म्हणून पेटीच्या आदान दंडासारखा लाकडी वा धातूचा मार्गदर्शक दंड वापरतात. दाबपट्टीचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडेथोडे आवळतात.

बसविण्याची रीत : आदान दंडाच्या खाचांना ग्रीसचा अगदी पातळ हात देतात, जादा ग्रीस अस्तरावर उडून क्लच घसरतो. पेटी एखाद्या गतीत टाकून जॅकने नेमक्या उंचीवर आणतात आणि मागील दंड हाताने किंचित फिरवीत पुढे सरकवितात, म्हणजे खाचा जुळून पेटी कवचाच्या तोंडाशी येऊन बसते. काही मिमी. अंतर उरले असता बोल्ट आवळून पेटी ओढून घेण्याचा मोह अनेकांना होतो; तो टाळावा. पेटी सहज बसत नसेल, तर तबकडी केंद्रात नाही किंवा पेटी तिरपी आहे असे समजून ती मागे घ्यावी. जबरदस्ती केल्यास ओतीव ॲल्युमिनियमचे कान तुटतात.

यानंतर सर्व भाग उलट क्रमाने जोडतात. बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या परिबलाने परिबलमापी पान्याने आवळतात. विहित प्रतीचे तेल भरण-छिद्राच्या काठापर्यंत भरतात व क्लचच्या पायदाबाची मोकळी चाल पुस्तिकेप्रमाणे जुळवितात. गाडी घोड्यांवर असतानाच, खाली कोणी नाही याची खात्री करून, एंजिन चालू करून सर्व गती पडतात की नाही ते पाहतात. नंतर गाडी उतरवून कमी वेगाने चालवितात आणि परत आल्यावर गळती व तेलाची पातळी पुन्हा तपासतात.

इतर रचना : मारुती ८०० (१९८३–२०१४) व तिच्यानंतरच्या बहुसंख्य लहान गाड्यांत एंजिन आडवे बसविलेले असून चालना पुढील चाकांना असते. विभेदी दंतचक्रमाला पेटीतच असल्याने प्रथम दोन्ही चाकांकडे जाणारे दंड काढावे लागतात आणि पेटी सुटल्यावर एंजिन वरून आडव्या तुळईला टांगून ठेवावे लागते. स्वयंचलित पेटीत क्लचऐवजी द्रवचालित परिबल परिवर्तक असतो. तो पेटीबरोबरच काढतात. बसविताना तो पंपात पूर्ण शिरला नसल्यास बोल्ट आवळताच पंप फुटतो. इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाच्या अलीकडील पेट्यांना जोडणीनंतर संगणकी उपकरणाने पुन्हा जुळवणी करावी लागत असल्याने ते काम घरी करणे सहसा योग्य नाही. विजेवर चालणाऱ्या बहुतेक मोटारगाड्यांत एकाच गुणोत्तराची दंतचक्रे असतात. उच्च विद्युत् दाबामुळे त्यांत अप्रशिक्षिताने हात घालू नये.

जुन्या तेलाची विल्हेवाट : वापरलेले तेल २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार घातक अपशिष्टांत मोडते. वसईच्या पश्चिम पट्ट्यात विहिरी व बावखले ही गोड्या पाण्याची परंपरागत साधने असून वाड्यांचे शिंपण त्यांवर झालेले आहे. रेताड जमिनीत सांडलेले तेल झिरपून भूजलापर्यंत पोहोचू शकते. म्हणून पेटीतील तेल जमिनीवर वा गटारात न ओतता झाकणबंद डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे किंवा ते स्वीकारणाऱ्या कर्मशाळेकडे द्यावे. पेटी पुन्हा बसवून गाडी चालू झाली, तरी हे तेल योग्य ठिकाणी पोहोचेपर्यंत काम पूर्ण झाले असे म्हणता येत नाही.