कंपायलरच कोसळतो तेव्हा

आपल्या कोडमधल्या चुका दाखवणारा कंपायलर अधूनमधून स्वतःच आडवा होतो. जीसीसी अशा वेळी ‘इंटर्नल कंपायलर एरर’ असं छापून मोकळा होतो. तुमचा कोड कितीही वेडावाकडा असो, हा दोष कंपायलरचाच; क्वचित हार्डवेअरचा.

सोर्सवरून पॅकेजं बांधणं हे माझं रोजचं काम. असं झालं की मी आधी तोच बिल्ड पुन्हा चालवतो. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी कोसळला, तर पहिला संशय रॅमवर. त्याच फाइलवर अडला, तर ऑप्टिमायझेशनवर.

ऑप्टिमायझेशनच्या ओ-० पातळीवर कंपायलर कोड जवळजवळ जसाच्या तसा उतरवतो. ओ-२, ओ-३ वर तो लहान फंक्शनं मोठ्यांत जिरवतो, लूपची फेरमांडणी करतो, निरुपयोगी ओळी छाटतो. यातला एखादा टप्पा अडखळतो. पातळी उतरवली की बहुधा तो टप्पा चालतच नाही आणि फाइल मुकाट्याने बांधली जाते.

मात्र पातळी त्या एका फाइलपुरतीच उतरवावी. सरसकट ओ-० हा निव्वळ आळस; प्रोग्राम रांगू लागतो. लिनक्स कर्नल तर ओ-० वर बांधताच येत नाही.

कंपायलरमधले असे दोष विरळ नाहीत. २०११ मध्ये यूटा विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘सीस्मिथ’ या साधनाने रचलेले यादृच्छिक सी प्रोग्राम कंपायलरांना खाऊ घालून ३२५हून अधिक दोष उघड केल्याचं मांडलं. त्यांतले काही कोसळण्याचे, तर काही गुपचूप चुकीचा कोड देण्याचे. दुसरी जात जास्त घातकी. कोसळणारा निदान ओरडतो तरी!

मेकफाइलमध्ये एखाद्या फाइलची पातळी उतरवणाऱ्या ओळीशेजारी मी कंपायलरची आवृत्ती लिहून ठेवतो. नवी आवृत्ती आली की ती ओळ काढून पाहायची.