अंगणातली कळलावी: लावण्यापूर्वी थोडा विचार

गौरी-गणपतीच्या दिवसांत कुंपणावर ज्वाळेसारखी फुले दिसतात, ती कळलावीची. पाकळ्या पिवळ्याच्या शेंदरी आणि मग लाल होतात, म्हणून तिला अग्निशिखाही म्हणतात. ही आपल्याच मातीतली बहुवर्षायू वेल. पानाचे टोक वळून आधार पकडते. त्यामुळे एक जाळी तिला पुरते.

कंद रानातून न उपटता रोपवाटिकेतून आणावा. मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी तो आडवा ठेवून दोन-तीन इंच खोल लावावा. आपल्या निफाडच्या काळ्या जमिनीत पाणी साचून कंद कुजतो; म्हणून उंच वाफा किंवा कुंडी घ्यावी आणि मातीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे. फुले सरून पाने पिवळी पडली की पाणी थांबवावे. हिवाळ्यात वेल वाळते, पण मेलेली नसते. इथल्या कडाक्याच्या थंडीत कंद मातीखाली निजतो आणि पावसाळ्यात पुन्हा फुटतो.

मात्र वैद्यक म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. या वेलीचा प्रत्येक भाग विषारी आहे. कंद आणि बिया सर्वाधिक. त्यांतील कोल्चिसिन हे द्रव्य गाऊटच्या गोळीत अगदी मोजून दिले जाते. कंदात त्याला माप नसते. उकडल्याने ते नष्ट होत नाही. कंद रताळ्यासारखा दिसतो, हा खरा धोका. म्हणून तो स्वयंपाकघरात किंवा भाजीच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नये. हाताळताना हातमोजे घालावेत. गावठी उपाय म्हणूनही तो उगाळू नये.

चुकून पोटात गेल्यास पहिले काही तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात आणि पुढे मूत्रपिंड, हृदय व रक्तपेशींवर परिणाम होतो. तेव्हा लक्षणांची वाट पाहू नये, घरी उलटी करवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि वेलीचा तुकडा सोबत न्यावा.

घरात रांगते नातवंड असेल, किंवा स्मृतिभ्रंश झालेले आजी-आजोबा हाती येईल ते तोंडात घालत असतील, तर कळलावी लावूच नये. तिथे अबोली लावावी. तीही दक्षिण भारतातलीच बहुवर्षायू. थंडीत तिची कुंडी भिंतीच्या आडोशाला ठेवावी. आजींना फुले वेचता येतील, गजराही होईल आणि काळजीवाहूंच्या जिवाला घोर लागणार नाही.