चाळीस अँपिअरचा डाख

विमान शंभर-दीडशे फुटांवर, मोटर पूर्ण जोरात, आणि पुढच्या क्षणी रिमोटला प्रतिसादच नाही. असं पडलेलं मॉडेल विमान शेतातून उचलून आणलं की आधी रिसीव्हर तपासला जातो, मग सर्व्हो, मग बॅटरी. बॅटरीच्या लाल-काळ्या वायरी जिथे पिवळ्या कनेक्टरला सोल्डर केलेल्या असतात, तो जोड तपासायचं सुचतं सगळ्यात शेवटी. वास्तविक आधी तिथेच पाहायला हवं. विजेवर उडणाऱ्या बहुतेक लहान विमानांत मोटर आणि रिसीव्हर एकाच बॅटरीवर चालतात. मोटरचा वेग ठरवणारा स्पीड कंट्रोलर त्याच बॅटरीतून रिसीव्हरला ५ व्होल्ट देतो. जोड तुटला की पंखा थांबतोच, शिवाय सुकाणूही हातातून जातं.

बेळगाव-निपाणी पट्ट्याला विमान परकं नाही. सांबऱ्याला हवाई दलाची एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे. पुणे-बंगळूर महामार्गावर हत्तरगीजवळ एक्वस कंपनीच्या वसाहतीत एअरबस आणि बोईंगसाठी सुटे भाग घडतात. उद्यमबागेत धातू ओतायचं आणि कातायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, आणि एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग प्रशिक्षणाचाच भाग असतो. इतकी धातूची जाण असलेल्या मुलखात पंखाचा तोल ग्रॅमपर्यंत जुळवणारा मुलगा बॅटरीचा कनेक्टर मात्र २५ वॅटच्या पेन्सिलीएवढ्या सोल्डरिंग आयर्नने कसाबसा चिकटवतो, हे पाहून वाईट वाटतं. चूक त्याची नाही. शाळेत किंवा कॉलेजात त्याला सोल्डरिंग शिकवलं जातं ते सर्किट बोर्डाचं. तिथे प्रवाह मिलिअँपिअरमध्ये असतो.

इथला हिशेबच वेगळा. तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी ११.१ व्होल्टची. दीड किलोच्या आसपासचं विमान उडताना ती ४० अँपिअर सहज देते, म्हणजे सुमारे ४४४ वॅट. घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटातून एवढीच शक्ती घ्यायला दोन अँपिअरही पुरतात. पण जोडात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. समजा जोडाचा रोध फक्त ५ मिलिओहम आहे. दोन अँपिअरला तिथे ०.०२ वॅट उष्णता निघेल, ४० अँपिअरला ८ वॅट. प्रवाह वीस पट आणि उष्णता चारशे पट! बोटाच्या पेराएवढ्या धातूत, नायलॉनच्या आवरणात कोंडलेले हे ८ वॅट जायचे कुठे? धातू तापला की त्याचा रोध वाढतो, रोध वाढला की तो आणखी तापतो. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडू लागतं. मोटरची थरथर चालूच असते. वायर सुटते.

विजेवरचं पहिलं नोंदलेलं रेडिओ-नियंत्रित उड्डाण ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये झालं. कर्नल टॅप्लिन यांच्या ‘रेडिओ क्वीन’मध्ये चांदी-जस्ताच्या बॅटऱ्या होत्या. तेव्हापासून बॅटरी कितीतरी हलकी आणि जोरकस झाली, जोड मात्र अजूनही हातानेच द्यावा लागतो.

चांगल्या जोडात सोल्डर नेमकं काय करतं? ते वीज वाहून नेण्यात फारसं तरबेज नाही. त्याची वाहकता तांब्याच्या साधारण नवव्या हिश्श्याएवढी. तरीही २० चौरस मिलिमीटरवर पसरलेला ०.२ मिलिमीटरचा थर घेतला, तर त्याचा रोध दोन मायक्रोओहमही भरत नाही. ४० अँपिअरला तिथे जेमतेम काही मिलिवॅट उष्णता निघते. म्हणजे थर पातळ हवा आणि सगळीकडे धातूला भिडलेला हवा. वर सोल्डरचा गोळा चढवून काही मिळत नाही, उलट गोळ्याखाली काय आहे ते झाकलं जातं.

भिडणं म्हणजे काय, हे कल्हईवाल्याचं काम पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. तो भांडं नीट तापवतो, नवसागर फिरवतो, पांढरा धूर उठतो आणि कथील झर्रकन पसरतं. तापलेल्या नवसागरातून निघणारं आम्ल तांब्यावरचा ऑक्साइड खाऊन टाकतं, आणि उघड्या पडलेल्या तांब्याशी कथील रासायनिक संयुगाचा अगदी पातळ थर तयार करतं. हीच खरी पकड. वायर आणि कनेक्टरच्या बाबतीतही विज्ञान हेच आहे, फक्त नवसागराच्या जागी राळेचा फ्लक्स घ्यायचा. नवसागर किंवा पत्र्याच्या कामाचं आम्ल इथे चालत नाही. त्याचे अवशेष वायरीच्या तंतूंमध्ये राहतात आणि बेळगावच्या पावसाळी दमट हवेत तांबं आतून कुरतडतात. १२ गेजच्या मऊ सिलिकॉन वायरीत ०.०८ मिलिमीटरचे ६८० तंतू असू शकतात. त्यांच्यात शिरलेलं आम्ल धुऊन काढणं जवळपास अशक्य.

आता मुख्य गोष्ट, उष्णता. कनेक्टर जळेल या भीतीने लहान आयर्न निवडलं जातं, आणि नेमकं त्यामुळेच तो जळतो. तांबं उष्णता झपाट्याने वाहून नेतं. २५ वॅटचं टोक जाड वायरीला टेकलं की स्वतःच थंड पडतं. मग अर्धा-एक मिनिट ते दाबून धरलं जातं. तेवढ्यात उष्णता वायरीतून बॅटरीकडे पोचते, नायलॉन मऊ होऊन आतली सोनेरी मुलाम्याची पिन वाकडी बसते, फ्लक्स जळून काळा होतो आणि सोल्डर नुसतं वर थिजतं. ६० ते ८० वॅटचं, रुंद चपट्या टोकाचं, चारशे अंशांच्या आसपास तापलेलं आयर्न हेच काम काही सेकंदांत उरकतं. भरपूर उष्णता थोडाच वेळ दिली, तर ती पसरायच्या आत जोड पुरा होतो.

आधी वायरीच्या टोकाला कल्हई करावी, मग कनेक्टरच्या वाटीला, आणि मगच दोन्ही एकत्र वितळवून थिजेपर्यंत हात स्थिर ठेवावा. थिजताना हललेलं सोल्डर दाणेदार, निस्तेज होतं. सोल्डर करताना कनेक्टरचा दुसरा, रिकामा भाग समोरून जोडून ठेवला की पिना जागेवर राहतात आणि तो जास्तीची उष्णताही ओढून घेतो. सोल्डर इन्सुलेशनखाली फार आत शिरू देऊ नये. जिथे ताठ झालेले तंतू संपून मऊ तंतू सुरू होतात, थरथरीने वायर तिथेच तुटते. आवरणाची श्रिंक ट्यूब आधीच वायरीत ओवून, जोडापासून दूर सरकवून ठेवावी.

बॅटरीच्या बाजूचं काम करताना दोन्ही वायरी एकाच वेळी उघड्या असता कामा नयेत. एक कापावी, सोल्डर करावी, झाकावी, मगच दुसरीला हात लावावा. कटरने दोन्ही एकदम कापल्या तर त्या पात्यातून शेकडो अँपिअर वाहू शकतात, आणि लिथियम बॅटरीची आग पाण्याच्या तांब्याने विझत नाही. काम खिडकीपाशी करावं, कारण राळेच्या धुराने दम्याचा त्रास वाढतो. शिशासाठी नंतर हात साबणाने धुवावेत.

जोड जमला का, हे डोळ्यांनी पक्कं कळत नाही. मल्टिमीटरच्या ओहमच्या पट्टीवरही कळत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध मोजायच्या रोधाच्या कितीतरी पट असतो. यावर उपाय स्वस्त आहे. गॅरेजमधून गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट, ५५ वॅटचा बल्ब आणा, तो विटेवर ठेवा आणि कनेक्टरमधून बॅटरीवर लावा. साधारण साडेचार अँपिअर वाहतील. मीटर २०० मिलिव्होल्टच्या पट्टीवर ठेवून एक टोक जोडाअलीकडच्या वायरीत रुतवा, दुसरं पलीकडच्या पिनेवर टेकवा. ५ मिलिओहमचा वाईट जोड तेवीसच्या आसपास मिलिव्होल्ट दाखवेल. चांगल्या जोडावर आकडा एक मिलिव्होल्टच्याही बराच खाली राहतो. तो दिसला की बल्ब काढा आणि श्रिंक ट्यूब जोडावर ओढून तापवा.