तहकुबी : हक्क नव्हे, सवलत

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ या म्हणीमागे निकालाच्या भीतीपेक्षा तारखांचा धसका अधिक आहे. पक्षकार कामधंदा सोडून न्यायालयात येतो, दुसऱ्या बाजूचा अर्ज मंजूर होतो आणि तो पुढची तारीख घेऊन परततो. दरम्यान साक्षीदार वृद्ध होतात, स्मरण धूसर होते, पैसा अडकून राहतो. सुनावणी अशी पुढे ढकलण्यास तहकुबी म्हणतात.

तहकुबी देणे वा नाकारणे हा न्यायाधीशांचा विवेकाधिकार होय. परंतु तो अनिर्बंध नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ नुसार पुरेसे कारण असल्यासच तहकुबी देता येते व ते कारण लेखी नोंदवावे लागते. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार दाव्याच्या सुनावणीत एका पक्षकारास तीनपेक्षा अधिक तहकुबी देता येत नाहीत. शिवाय तहकुबीच्या खर्चाबाबत न्यायालयाने आदेश करावयाचा असतो. वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतले आहेत, हे कारण ग्राह्य नाही. हेतुपुरस्सर विलंब लावणाऱ्या पक्षकारास कलम ३५-ब खाली खर्च सोसावा लागतो; तो न भरल्यास त्याला दावा किंवा बचाव पुढे चालविता येत नाही.

मग तीनची मर्यादा सर्वस्वी अभेद्य आहे काय? २००५ मध्ये सेलम वकील संघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली. मात्र पक्षकाराच्या आवाक्याबाहेरील, अत्यंत बिकट परिस्थितीत चौथी तहकुबीही देता येईल, असे स्पष्ट केले. भोपाळची वायुदुर्घटना, गुजरातचा भूकंप आणि त्सुनामी ही उदाहरणे न्यायालयाने दिली. नियम न्यायासाठी असतो, न्याय नियमासाठी नव्हे, हेच त्यामागील तत्त्व. मात्र अपवादाची सवय होऊ नये, हीही अपेक्षा तितकीच ठाम आहे. फौजदारी खटल्यांसाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४६ ने अशा आवाक्याबाहेरच्या परिस्थितीतही जास्तीत जास्त दोनच तहकुबींची मुभा ठेवली आहे आणि त्यासाठी दुसऱ्या बाजूचे आक्षेप ऐकणे आवश्यक केले आहे.

बँकेच्या ग्राहकांना हा विषय न वटलेल्या धनादेशाच्या निमित्ताने भेटतो. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १४३ नुसार असा खटला शक्यतो दररोज चालवावा आणि तक्रार दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत संपविण्याचा प्रयत्न व्हावा, असे अभिप्रेत आहे. २०१८ मध्ये आलेल्या कलम १४३-अ मुळे न्यायालय धनादेशाच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईचाही आदेश देऊ शकते.

प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो. म्हणून पक्षकाराने जागरूक राहावे. प्रत्येक तारखेचा रोजनामा पाहावा, आधीच्या तहकुबींची संख्या व कारणे टिपून ठेवावीत, पुढील अर्जास वकिलामार्फत लेखी हरकत घ्यावी आणि खर्चाची मागणी करावी. न्यायाधीशांचा विवेक नोंदींच्या आधारे चालतो. त्या नोंदी त्यांच्यासमोर ठेवणे हे पक्षकाराचेच काम आहे.