विश्लेषण : पडीक जमीन वहितीखाली आणायची, तर पहिला ट्रॅक्टर किती ‘एचपी’चा घ्यावा?

वाटणीत आलेली चार-पाच एकर जमीन. त्यातला काही भाग वहितीत, उरलेला वर्षानुवर्षे पड. ओढ्याच्या कडेने वेडी बाभूळ, बांधावर घाणेरी, मधल्या पट्ट्यात हराळी आणि कुंदा. नोकरीसाठी शहरात गेलेली पिढी अशा जमिनीकडे पुन्हा वळते, तेव्हा पहिला विचार ट्रॅक्टरचा होतो. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणते, ‘घ्यायचाच तर पन्नासचा घ्या, पुन्हा घेणे होत नाही.’ कोणी म्हणते, ‘छोटा घ्या, डिझेल कमी पितो.’ दोन्ही सल्ल्यांत एक प्रश्न मागे राहतो. जमीन एकदा साफ करायची आहे, की साफ झालेली जमीन दरवर्षी सांभाळायची आहे? ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांची यंत्रेही वेगळी आहेत. याची गल्लत झाली, तर पुढची पाच-सात वर्षे हप्त्यांत जातात.

हा प्रश्न आता का महत्त्वाचा?

शेतीच्या ट्रॅक्टरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सात लाखांच्या ट्रॅक्टरमागे हा फरक साधारण ४० ते ४५ हजार रुपयांचा होतो. साहजिकच थोडा वरचा मॉडेल घेण्याचा मोह वाढतो. दुसरीकडे जमिनीचे तुकडे लहान होत आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहिती खाते १.३४ हेक्टरचे, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. क्षेत्र लहान आणि यंत्र मोठे, असे झाले की यंत्र वर्षातले बहुतेक दिवस शेडमध्ये उभे राहते. हप्ता मात्र उभा राहत नाही.

‘एचपी’ म्हणजे नेमके काय आणि काय नाही?

एचपी म्हणजे अश्वशक्ती. एक एचपी म्हणजे सुमारे ७४६ वॉट. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा माहितीपत्रकात ठळक छापलेला आकडा इंजिनाचा असतो. शेतात ती सगळी ताकद हाती येत नाही. रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर किंवा मळणी यंत्र ज्या मागच्या दांड्यावर फिरते, त्या पीटीओवर इंजिनाच्या साधारण ८५ ते ९० टक्के ताकद पोहोचते. म्हणजे ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर ३८ ते ४० एचपी मिळते. त्यामुळे दोन मॉडेलची तुलना करताना इंजिनाचा नव्हे, पीटीओचा आकडा विचारावा.

ओढीच्या कामात तर एचपीइतकेच वजन महत्त्वाचे ठरते. नांगर ओढताना मागची चाके जमीन धरतात ती वजनामुळे. २४-२५ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरचे वजन एक टनाच्या आतबाहेर असते, तर ४५ एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या जवळ जातो. ताकद आहे पण वजन नाही, तर चाके जागेवर फिरतात, टायर झिजतो आणि डिझेल वाया जाते. तिसरा आकडा हायड्रॉलिक लिफ्टच्या क्षमतेचा. पाच फुटी रोटाव्हेटरचे वजन चारशे किलोच्या आसपास भरते. तो बांधावर वळताना अलगद उचलला गेला पाहिजे आणि पुढची चाकेही जमिनीवर राहिली पाहिजेत.

जमीन साफ करायला मोठा ट्रॅक्टर लागत नाही का?

नाही. त्या कामाला बहुतेक वेळा ट्रॅक्टरच लागत नाही. वेडी बाभूळ वरून तोडली तर बुडख्यातून पुन्हा फुटते. तिचा बुडखा मुळासकट उपटावा लागतो. हे काम भाड्याचा जेसीबी काही तासांत करतो. मोठे दगड काढणे, खड्डे बुजवणे, बांध नीट करणे ही कामेही त्याच फेरीत उरकतात. हा खर्च एकदाच होतो. त्यासाठी ५० एचपीचा ट्रॅक्टर विकत घेणे म्हणजे लग्नाच्या एका दिवसासाठी मंगल कार्यालय विकत घेण्यासारखे आहे.

इथे एक गंभीर धोकाही आहे. बुडख्याला साखळी बांधून ट्रॅक्टरने ओढण्याचा प्रकार गावोगाव दिसतो. साखळी मागच्या धुरीपेक्षा वर, म्हणजे टॉप लिंकला किंवा सीटमागच्या भागाला बांधली आणि बुडखा हलला नाही, तर मागची चाके अडतात, पुढची उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकावर उलटतो. यात सावरायला क्षणभरही मिळत नाही. ओढण्याचे कोणतेही काम खालच्या ड्रॉबारवरूनच करायचे असते. जे हलत नाही, ते जेसीबीवर सोडायचे.

साफसफाईआधी कायद्याची बाजूही पाहावी. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार साग, आंबा, चिंच, मोह, फणस, जांभूळ, खैर, चंदन अशी अनुसूचित झाडे स्वतःच्या शेतातली असली, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. जेसीबी बोलावण्याआधी तलाठी आणि वनविभागाकडे चौकशी केलेली बरी.

साफ झालेल्या जमिनीत लगेच रोटाव्हेटर चालवावा का?

बरेच जण तसेच करतात आणि पुढच्या पावसाळ्यात पस्तावतात. हराळी आणि कुंदा जमिनीखालच्या काश्यांतून वाढतात. रोटाव्हेटर या काश्यांचे बारीक तुकडे करून शेतभर पसरवतो आणि तुकड्यातुकड्याला नवा फुटवा येतो. लव्हाळ्याच्या गाठींचेही तसेच. अशा जमिनीत उन्हाळ्यात पलटी नांगराने खोल नांगरट करून ढेकळे तापू द्यावी लागतात. काश्या वर येऊन उन्हाने वाळतात, उरलेल्या वेचून काढाव्या लागतात. एका उन्हाळ्यात हे काम संपेलच असे नाही.

भारी काळ्या जमिनीत दोन फाळी हायड्रॉलिक पलटी नांगर ओढायला ४५ ते ५० एचपी लागते. मिनी ट्रॅक्टरचे हे काम नव्हे. पण नांगरट वर्षातून एकदा, तीही एकराच्या हिशेबाने भाड्याने होते. दगड शिल्लक असतील तर रोटाव्हेटरची पाती तुटतात, गिअरबॉक्सला झटके बसतात. म्हणून आधी नांगर, मग कल्टिव्हेटर, दगडवेचणी आणि शेवटी रोटाव्हेटर हा क्रम पाळावा.

मग कोणत्या कामाला किती एचपी?

ढोबळ अंदाज असा बांधता येतो.

१५ ते २० एचपी : फळबागेतली हलकी आंतरमशागत, छोटी फवारणी, तणनियंत्रण. जागा अरुंद असेल तिथे उपयोगी.

२२ ते ३० एचपी : द्राक्ष, डाळिंब, पेरूच्या बागा, भाजीपाला, हलकी ते मध्यम जमीन. तीन ते चार फुटी रोटाव्हेटर, ब्लोअर, छोटी ट्रॉली.

३५ ते ४० एचपी : मध्यम जमिनीतील सर्वसाधारण शेती, पाच फुटी रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, कल्टिव्हेटर, भरलेली ट्रॉली.

४५ ते ५० एचपी : भारी काळी जमीन, पलटी नांगर, सहा फुटी रोटाव्हेटर, ऊस वाहतूक, भाड्याचा व्यवसाय.

५० एचपीच्या वर आणखी एक उंबरठा आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीपेक्षा जास्त ताकदीच्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे कडक उत्सर्जन निकष लागू झाले. त्यामुळे या गटात इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची इंधनप्रणाली आली आणि किंमतही वाढली. पहिल्यांदाच ट्रॅक्टर घेणाऱ्या लहान शेतकऱ्याला हा उंबरठा ओलांडण्याचे कारण सहसा नसते.

रुंदी आणि वजनाकडे का पाहायचे?

बागेत दोन ओळींतले अंतर नऊ फूट असले, तरी मांडवाचे खांब, ठिबकच्या नळ्या आणि वाढलेल्या फांद्या वजा जाता वाट बरीच कमी उरते. तिथे चार फुटांच्या आतला ट्रॅक्टर फिरतो, मोठा फिरत नाही. त्याला वळायला ओळींच्या टोकाशी जागाही जास्त लागते. शेतापर्यंतचा रस्ता, फाटक, चारीवरची मोरी यांची रुंदी टेपने मोजूनच शोरूमची पायरी चढावी.

मोठ्या ट्रॅक्टरचे वजन ओल्या काळ्या जमिनीत दाबाचा थर तयार करते. पाणी मुरत नाही, मुळे अडतात. उलट बाजूने, हलक्या ट्रॅक्टरमागे जड ट्रॉली लावली तर उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते आणि ब्रेक पुरे पडत नाहीत. चढउताराच्या किंवा चिखलाच्या जमिनीत हलक्या ट्रॅक्टरला फोर व्हील ड्राइव्ह मोठा आधार देतो. कोकणातील लहान भातखाचरांत तर पॉवर टिलरही पुरेसा ठरतो. उताराच्या शेतात चालकामागची संरक्षक कमान आणि सीटबेल्ट असलेलाच ट्रॅक्टर घ्यावा.

हिशेब एकरांचा करायचा की तासांचा?

तासांचा. समजा, पाच एकर जिरायत जमीन आहे. दोन वेळा कल्टिव्हेटर, दोन वेळा रोटाव्हेटर, एक पेरणी, थोडी ट्रॉलीची वाहतूक, असे मिळून मोठ्या ट्रॅक्टरला वर्षाला ५५ ते ६० तासांचे काम निघते.

आता उदाहरणादाखल आकडे धरू. अवजारांसह ४५ एचपीच्या ट्रॅक्टरचा खर्च साडेआठ लाख आणि दहा वर्षांनी विक्री अडीच लाखांना. घसारा वर्षाला ६० हजार. सरासरी साडेपाच लाखांवर १० टक्के व्याज म्हणजे ५५ हजार. विमा, देखभाल २५ हजार. एकूण १ लाख ४० हजार रुपये, ट्रॅक्टर चालो वा न चालो. ५५ तासांवर विभागले तर ताशी अडीच हजार. त्यात डिझेल-ऑइलचे सहाशे मिळवले, तर खर्च ताशी तीन हजारांवर जातो. भाड्याचा दर ताशी अकराशे धरला, तर स्वतःचा ट्रॅक्टर तासामागे पाचशे रुपये वाचवतो आणि बरोबरीला यायला वर्षाला २८० तास काम हवे.

अवजारांसह साडेचार लाखांच्या मिनी ट्रॅक्टरचा असाच हिशेब केला, तर स्थिर खर्च वर्षाला ७५ हजारांच्या घरात येतो. भाडे ताशी आठशे आणि स्वतःचा चालू खर्च साडेतीनशे धरल्यास १६५ ते १७० तासांत बरोबरी होते. काम मात्र सावकाश होते. चार फुटी रोटाव्हेटर तासाला अर्धा-पाऊण एकर उरकतो, पाच फुटी एकराच्या जवळ जातो. केवळ जिरायत पाच एकरांवर मिनीचाही हिशेब बसत नाही. पण त्याच पाच एकरांत दोन एकर डाळिंब किंवा द्राक्ष असेल, तर हंगामभराच्या फवारण्या, ओळींतली मशागत आणि शेणखताची वाहतूक मिळून हे तास भरू शकतात. आपल्या भागातले दर आणि किमती घालून हा हिशेब प्रत्येकाने कागदावर करावा.

पैशांपलीकडची एक गोष्टही यात धरावी लागते. पाऊस पडून गेल्यावर वाफसा तीन-चार दिवसच टिकतो आणि त्याच दिवसांत सगळ्या गावाला ट्रॅक्टर हवा असतो. पेरणी वेळेवर होण्याची किंमत प्रत्येक शेतकरी जाणतो. तिच्यासाठी थोडा जास्त खर्च सोसणे चूक नाही. फक्त ती किंमत किती, हे आधी ठरवावे.

‘भाड्याने चालवून हप्ते फेडू’ हे कितपत खरे?

गावात आधीच किती ट्रॅक्टर आहेत, ते मोजावे. भाड्याची कामे ठरावीक आठवड्यांत एकवटतात, उधारी वाढते, चालकाचा पगार द्यावा लागतो. विमा पॉलिसीत ट्रॅक्टरचा वापर कोणता लिहिला आहे, हेही पाहावे. फक्त स्वतःच्या शेतातील वापर लिहिला असेल, तर भाड्याच्या कामावर अपघात झाल्यास भरपाईची अडचण होऊ शकते. भाड्याचे उत्पन्न जमेस न धरताही हप्ता भरता येतो का, ही खरी कसोटी.

खरेदीपूर्वी आणखी काय पाहावे?

अनुदान हवे असेल तर आधी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली, तर अनुदान हातचे जाते. शोरूमच्या मोकळ्या जागेत नव्हे, स्वतःच्या शेतात स्वतःला लागणारे अवजार जोडून चाचणी मागावी. सर्व्हिस सेंटर आणि सुटे भाग किती अंतरावर मिळतात, हे शेजारच्या शेतकऱ्यांना विचारावे. जुना ट्रॅक्टर घ्यायचा असेल, तर आरसी बुकवर कर्जाचा बोजा आहे का, हे पाहूनच पैसे मोजावेत.

पड जमीन असणाऱ्यांसाठी सर्वांत स्वस्त मार्ग सरळ आहे. पहिले वर्ष सगळीच कामे भाड्याने करून घ्यायची. जेसीबीने साफसफाई, मोठ्या ट्रॅक्टरने नांगरट, मग मशागत आणि पेरणी. प्रत्येक कामाची तारीख, तास आणि दिलेले पैसे वहीत लिहायचे. वर्षाअखेर त्या वहीत जे काम पुन्हा पुन्हा आले असेल, ते किती एचपीत होते आणि किती तास चालते, हे पाहायचे. पहिल्या ट्रॅक्टरचा आकार ती वहीच सांगते. आणि वहीची पाने रिकामीच राहिली, तर साडेआठ लाख वाचले असे समजावे.