दमामाचा नाद : परंपरा आणि प्रयोग



आजच्या आफ्रिकी संगीताचा विषय मच्छेसारख्या गावातील शाळेच्या स्मृतिव्याख्यानात कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर फार दूर नाही. आपल्या गावावरून खानापूरला जाणाऱ्या रस्त्याने पुढे नंदगड मागे टाकले की हल्याळ तालुका लागतो. हल्याळ, यल्लापूर, अंकोला या भागांतील रानांच्या आश्रयाने सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीज अमदानीत आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आणि पुढे दास्यातून निसटलेल्या माणसांचे हे वंशज होत. मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी मराठी इतिहासाने चांगले ओळखले. शेतात राबणारा हा शेजारी मात्र आपल्याला अपरिचितच राहिला. त्यांच्यात हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. दमाम हा कातड्याने मढवलेला ढोल ही त्यांच्या सणसमारंभांची ओळख. ताल आफ्रिकेची आठवण सांगणारा आणि गाण्याची बोली बहुधा कोकणी, मराठी कानाला सहज उमगावी अशी. म्हणजे परंपरा आणि प्रयोग यांचा संगम त्यांच्या जगण्यातच शतकानुशतके घडत आला आहे.

प्रयोग म्हटला की परंपरा बाटली, असे मानणारा एक पक्ष आपल्याकडे आहे. परंपरा म्हणजे अडगळ, असे मानणारा दुसराही आहे. या दोन्ही पक्षांना याच मातीतील उदाहरण उत्तर देते. बेळगाव तालुक्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी माळव्यातील लोकधुनांचा शोध घेतला आणि त्यांतून 'धुनउगम' राग सिद्ध केले. रागशास्त्र पूर्ण आत्मसात केलेल्या कलावंतालाच लोकधुनेत दडलेला राग ऐकू आला, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

हेच सूत्र आधुनिक आफ्रिकेत दिसते. झिंबाब्वेतील शोना लोकांत 'म्बिरा' नावाचे वाद्य आहे. लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या अंगठ्यांनी व बोटाने छेडून ते वाजवतात. पितरांना आवाहन करण्याच्या विधीत त्याला मानाचे स्थान असते. १९७० च्या दशकात टॉमस मापफुमो या गायकाने आपल्या साथीदारांसह म्बिराची ही वळणे विजेच्या गिटारवर उतरवली आणि शोना भाषेत गाणी गायिली. त्या संगीताला 'चिमुरेंगा', म्हणजे संग्राम, हे नाव मिळाले. गोऱ्या राजवटीने त्यांना स्थानबद्ध केले. विधीचे वाद्य आणि परकी गिटार यांच्या मीलनात केवढे सामर्थ्य आहे, हे त्या राजवटीने नेमके ओळखले होते.

पश्चिमेकडील माली देशातील उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. तेथे वंशपरंपरेने इतिहास गाणारी घराणी आहेत. आपल्या शाहिरांशी व भाटांशी त्यांचे काही नाते जुळेल. अर्ध्या भोपळ्यावर कातडे ताणून केलेले एकवीस तारांचे 'कोरा' हे त्यांचे वाद्य. अशाच घराण्यातील तुमानी जाबाते (१९६५–२०२४) यांनी १९८८ साली केवळ कोरावादनाची ध्वनिमुद्रिका काढली. त्याच साली स्पेनमधील फ्लामेन्को गाणाऱ्यांबरोबर त्यांची संयुक्त ध्वनिमुद्रिकाही आली. त्यांचे चिरंजीव सिदिकी हे कोराबरोबरच आजच्या हिप-हॉपमध्येही रमले. पिता-पुत्रांनी २०१४ साली एकत्र वादनाची ध्वनिमुद्रिका केली, तीत मात्र दोन कोरांखेरीज दुसरे काही फारसे नाही. घर पक्के असले की अंगणात कितीही पाहुणे आले तरी चिंता नसते.

या उदाहरणांत एक समान धागा आहे. काय राखायचे आणि काय बदलायचे, याचा निर्णय ज्यांची परंपरा त्यांच्याच हाती होता. आपल्या सिद्दी बांधवांच्या बाबतीत हाच प्रश्न निकडीचा आहे. १९८० च्या दशकात हेग्गोडूच्या 'निनासम' संस्थेने मंचिकेरी येथे सिद्दी कलावंतांना घेऊन चिनुआ अचेबे या नायजेरियन लेखकाच्या कादंबरीवरील नाटक कन्नडमध्ये उभे केले. आफ्रिकेतील कथा आफ्रिकी वंशाच्या भारतीयांनी कर्नाटकच्या भाषेत सांगितली, हा विलक्षण योग होय. त्याच परिसरातील गिरिजा सिद्दी यांनी रंगभूमी आणि गायन या दोन्ही क्षेत्रांत नाव मिळवले. २००३ साली उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. दर्जा कागदावर मिळतो. कलावंत म्हणून मान मात्र श्रोत्यांनी द्यावयाचा असतो. व्यासपीठावर पाच मिनिटे नाचवून टाळ्या वाजवणे, हा तो मान नव्हे.

म्हणून या शाळेला माझी एक विनंती आहे. पुढच्या स्नेहसंमेलनात दमाम वाजवणाऱ्यांना करमणुकीसाठी न बोलावता चार दिवसांचे गुरू म्हणून बोलवावे. मुलांनी तो ताल हाताने शिकावा, आणि गाणाऱ्यांची संमती घेऊन गाण्यांचे शब्द वहीत उतरवावेत. त्या शब्दांत आपल्या भाषेचेही काही जुने धन सापडण्याचा संभव आहे. सीमाभागातल्या आपल्याला भाषेचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. शेजाऱ्याच्या सुराचे मोलही आपण त्याच मापाने करावे, एवढेच मागणे करून मी आपली रजा घेतो.