एका ठोक्याची घड्याळे

नांदेडच्या माथ्यावर आलेला सूर्य लातूरच्या माथ्यावर यावयास आणखी सुमारे तीन मिनिटे लागतात. पण आज दोन्ही गावी भारतीय प्रमाणवेळच चालते, आणि आपले घड्याळ मिनिटभर मागे असले तरी फार तर शाळेची घंटा चुकते. विजेच्या उपकेंद्रांत मात्र अशी काही घड्याळे असतात, की त्यांना सेकंदाच्या हजाराव्या भागाची चूकही महागात पडते.

असे का बरे? समजा, नांदेडहून लातूरपर्यंत एक उच्चदाब वीजवाहिनी गेली आहे. वळवाच्या पावसात तिची तार तुटून शेतात पडली, तर तिच्यातील प्रवाह तत्काळ थांबला पाहिजे. नाहीतर माणसे-जनावरे दगावतील, उपकेंद्रातील रोहित्रे जळतील. या कामावर नेमलेल्या पहारेकऱ्यास रिले म्हणतात. तो प्रवाह सतत मोजत असतो आणि बिघाड ओळखताच सर्किट ब्रेकरला वाहिनी तोडण्याची आज्ञा देतो. पापणी लवते न लवते तोच हे सारे उरकते.

वाहिनीच्या दोन्ही टोकांना एकेक रिले असतो. दोघांचा हिशेब अगदी साधा आहे: एका टोकाने जेवढा प्रवाह आत शिरला, जवळजवळ तेवढाच दुसऱ्या टोकाने बाहेर पडला पाहिजे. तूट आली, तर वाटेत कोठेतरी गळती आहे. पण हा हिशेब जुळविण्यासाठी दोघांनी एकमेकांशी बोलावयास हवे. मनोऱ्यांच्या माथ्यावरून जी भूतार जाते, तिच्या पोटात पुष्कळदा केसासारखे बारीक काचतंतू घातलेले असतात. त्यांतून प्रकाशाच्या रूपाने हे निरोप धावतात. निरोपाचा मायनाही ठरलेला असतो. निरोप कोणाचा, कोणासाठी, मोजणी कोणत्या क्षणाची, हे सर्व ठराविक क्रमानेच यावे लागते. या संभाषणाच्या नियमांमुळेच एका कारखान्याच्या यंत्रास दुसऱ्या कारखान्याच्या यंत्राची भाषा कळते.

आता खरी अडचण पाहा. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते; म्हणजे एक हेलकावा २० मिलिसेकंदांचा. लातूरचे घड्याळ एकाच मिलिसेकंदाने चुकले, तर तेथील रिले हेलकाव्याचा भलताच बिंदू कळवील. वाहिनीतून १०० अँपियर प्रवाह सुखरूप जात असतानाही सुमारे ३१ अँपियर हरवल्याचा भास होईल! गळती नसताना गावे अंधारात बुडतील.

यावर एक युक्ती आहे. नांदेडने निरोप पाठवावा, लातूरने उलट टपाली उत्तर द्यावे. जाण्यायेण्याच्या वेळेची निमपट केली, की निरोपास लागणारा वेळ कळतो. त्यावरून घड्याळे जुळवता येतात. मात्र जाण्याची वाट जवळची आणि येण्याची लांबची असली, तर ही निमपट फसते. म्हणून अनेक उपकेंद्रांच्या छपरावर एक छोटीशी आकाशतार बसवितात. कृत्रिम उपग्रहांत अणुघड्याळे असतात. त्यांचे संकेत ती पकडते, आणि दूरदूरची घड्याळे सेकंदाच्या दशलक्षांश भागापर्यंत जुळतात.

बिघाड होऊन गेल्यावरही या घड्याळांचे काम असतेच. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या काही भागांत सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. शेकडो वाहिन्या व वीजकेंद्रे भराभर बंद पडली होती. कोणती आधी पडली आणि कोणती तिच्यामुळे पडली, हे शोधावयाचे होते. नोंदी ढिगाने होत्या; परंतु अनेक नोंदयंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळत नव्हती. त्यामुळे तपास करणाऱ्यांना घटनांचा क्रम लावण्यासाठी फार कष्ट पडले.

लातूर जिल्ह्याला असाच एक शोध परिचयाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. भूकंपाचे केंद्र कोठे आहे, हेही निरनिराळ्या वेधशाळांत धक्के कोणकोणत्या क्षणी पोचले, त्यावरूनच ठरवितात. तेथेही सर्वांची घड्याळे एकाच ठोक्याची असावी लागतात. विजेच्या वाहिनीवर हीच रीत वापरतात. बिघाडाची लाट दोन्ही टोकांना पोचते. अंतर सुमारे ११० किलोमीटर असले, तरी लाटेला ते संपविण्यास अर्धा मिलिसेकंदही लागत नाही. नांदेडला ती आधी पोचली की लातूरला, आणि किती आधी, हे दोन्ही घड्याळांवरून कळले, की दुरुस्तीसाठी निघालेल्या माणसांना नेमक्या कोणत्या मनोऱ्याजवळ जावयाचे ते सांगता येते.